डोमाजी कोतवालाचं रिंगण

आमच्या गावच्या मोडावर आज बांधकाम खात्याची पाटी आहे. ‘धोक्याचे वळण, वाहने सावकाश हाका.’ पाटीच्या बुडाशी पाटलांनी सिमेंटचा ओटा बांधलाय आणि ओट्यावर त्यांच्या मुलाचं नाव कोरलंय. यष्टीची वाट पाहणारी माणसं त्या ओट्यावर बसतात, नाव वाचतात आणि पाटलांबद्दल हळहळतात. डोमाजी कोतवालाचं नाव तिथे कुठेही नाही. असायला हवं होतं असं मी म्हटलं, तर निम्मं गाव माझ्या अंगावर येईल. येऊ दे. मी या गावात वीस वर्षं मास्तरकी केली, आता माझं कोण काय वाकडं करणार?

डोमाजी गावचा कोतवाल, म्हणजे सरकारी गडी. दवंडी द्यायची, साहेब आला की त्याचं सामान वाहायचं, गावात काही कमीजास्त झालं की पायी ठाण्यावर जाऊन वर्दी द्यायची आणि कुणी विहिरीत किंवा झाडाला सापडलं तर फौजदार येईपर्यंत मुडद्याची राखण करायची. हे झालं सरकारचं काम. गावाचं काम वेगळं होतं, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मेलेलं ढोर ओढून न्यायचं, वाटेतली घाण उचलायची, पाटलाच्या दारात सांगेल तोवर उभं राहायचं. त्याच्या बापानं ते केलं, आज्यानं केलं. पाटलानं नुसतं ‘डोमा’ म्हटलं की पुढचं वाक्य यायच्या आत याचे हात कामाला लागलेले असायचे.

छप्पन साली तो वस्तीतल्या लोकांबरोबर नागपूरला गेला. मिळेल त्या गाडीनं, नाही तिथे पायी. पांढरे कपडे घालून बुद्धाचा होऊन परत आला आणि आल्या आल्या घरातले देव टोपल्यात भरून नाल्यात सोडून दिले. त्याच आठवड्यात पाटलाची म्हैस मेली. निरोप आला. डोमाजी स्वतः जाऊन सांगून आला, “आता ढोर ओढनार नाई जी. वर्दी देईन, दवंडी देईन. सरकारचं काम करीन.” म्हैस दोन दिवस गोठ्यात फुगत पडली. मग गावानं दाखवायचं ते दाखवलं. वाण्यानं मीठ बंद केलं, वावरात निंदायला बोलावणं बंद झालं. डोमाजी वाकला नाही. कोतवालकी सरकारची असल्यामुळे पाटलाला ती काढून घेता आली नाही, एवढंच.

त्याच वर्षी त्यानं मुलीचं नावही बदललं. आधीची दोन लेकरं गेलेली, म्हणून ही जन्मली तेव्हा तिला उकिरड्यावर लोळवून उचलली होती आणि उकंडी नाव ठेवलं होतं. मरणानं कचरा समजून सोडून द्यावं म्हणून. डोमाजीनं शाळेत येऊन मला सांगितलं, “मास्तर, आता सत्यशीला लिवा.” मी लिहिलं. गावात कुणी सवयीनं उकंडी म्हटलं की तो असेल तिथे थांबायचा आणि दुरुस्त करायचा. पाटलालाही त्यानं एकदा दुरुस्त केलं होतं. पाटलाच्या ते ध्यानात राहिलं.

मुलगी फार हुशार होती असं मी म्हणणार नाही. मेलेली सगळीच मुलं नंतर हुशार होतात. गणितात ती ढ होती. पण आवाज खणखणीत होता आणि वाचायला उभी राहिली की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. तिला मास्तरीण व्हायचं होतं. मला वाटतं झाली असती.

आता मोडाचं सांगतो. मोडाच्या पलीकडे रामलालशेठचं जिनिंग. कापसाचा हंगाम सुरू झाला की शेठचे ट्रक दिवसभर यवतमाळला ये-जा करायचे. डांबरी सडकेच्या कडेनं कच्ची गाडवाट होती, बैलगाड्या आणि पायी माणसं तिच्यावरून जायची. शेठचा ड्रायव्हर किसनसिंग मोडावर वेग कमी करायचा नाही. तो सरळ गाडवाटेवर चाकं घालून मोड कापायचा आणि पुढे पुन्हा सडकेला लागायचा. त्यात त्यानं शेळ्या मारल्या, एक गोऱ्हा मारला, फुलसिंग नावाच्या म्हाताऱ्याचा पाय मोडला. सगळ्या गावाला माहीत होतं. पण जिनिंगमध्ये प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कामाला होतं, आणि किसनसिंग तसा दिलदार. रस्त्यात हात केला की थांबायचा, फुकट बसवून न्यायचा. अशा माणसाला कोण बोलणार? मोडाजवळच्या हॉटेलात बसून लोक त्याच्या हाताची तारीफ करायचे. “गाडी नाही चालवत, पतंग उडवते लेकाचा,” असं म्हणायचे.

सत्यशीला गेली तो रविवार बाजाराचा होता. हिवाळ्याचे दिवस, सडकेवर कापसाच्या गाड्यांची रांग. मुलगी बाजारातून घासलेटची बाटली घेऊन गाडवाटेनं घरी निघाली होती, बाभळीच्या बाजूनं, सडकेपासून चांगली दूर. किसनसिंगानं नेहमीसारखा मोड कापला. हॉटेलातल्या सगळ्यांनी पाहिलं. किसनसिंग पुढे जाऊन थांबला, उतरला, मागे पाहिलं, पुन्हा चढला आणि ट्रक घेऊन जिनिंगच्या फाटकात शिरला.

डोमाजी बाजारात दवंडी देत होता. मोडावर कुणीतरी मेलं एवढंच त्याला कळलं, म्हणून तो कोतवालासारखाच आला, काठी घेऊन, गर्दी बाजूला करत. “सरका, सरका.” आणि मग पाहिलं.

मी शाळेच्या खोलीतून आरडाओरड ऐकून आलो तेव्हा तो तिच्याजवळ उकिडवा बसला होता. रडत नव्हता. तिच्या ओढणीचं टोक तिच्या तोंडावर ओढत होता आणि ते पुरत नव्हतं. तेवढ्यात पाटील आले. नीळकंठराव पाटील हा काही राक्षस नव्हता, हे आधीच सांगतो. पण मागे गाड्यांची रांग लागली होती, बैल रक्ताच्या वासानं बुजत होते, गाडीवाले ओरडत होते. पाटलानं रांगेकडे पाहिलं आणि म्हटलं, “डोमा, पोरीले बाजूले घे. रस्ता साफ कर. गाड्या खोळंबल्या.”

आणि डोमाजीनं केलं.

ढोर ओढणार नाही म्हणून सगळ्या गावाला पुरून उरलेला माणूस उठला, मुलीला उचलून बाभळीखाली ठेवलं आणि हॉटेलातून बादलीभर पाणी आणलं. हॉटेलच्या विहिरीला त्याला हात लावू देत नव्हते. हॉटेलवाल्यानं त्या दिवशीही वरून पाणी ओतलं, बादलीला दोर लागू नये अशा बेतानं. डोमाजीनं गाडवाटेवरचं रक्त धुतलं. फुटलेल्या बाटलीच्या काचा एकेक वेचून नाल्यात टाकल्या, बैलांच्या खुरात जाऊ नयेत म्हणून. मातीत रुतलेलं चाक खोल चिरा पाडून गेलं होतं, त्यात मुरूम भरला आणि पायानं दाबून सारखं केलं. काम नेहमी करायचा तसं नीट केलं. गाड्या त्यावरून निघून गेल्या. मग काठी उचलली आणि आपल्याच मुलीच्या मरणाची वर्दी द्यायला पायी ठाण्यावर गेला.

फौजदार दुसऱ्या दिवशी आला. त्यानं रस्ता पाहिला. रस्ता स्वच्छ होता.

खटला उन्हाळ्यात यवतमाळला उभा राहिला. डोमाजीची एकच मागणी होती. पैशाची त्यानं गोष्ट काढली नाही, शेठनं माणूस पाठवला तेव्हा त्याला अंगणातूनच परत लावलं. त्याला एवढंच हवं होतं, की किसनसिंगानं मारलं असं कोर्टानं म्हणावं आणि त्याला शिक्षा व्हावी. हॉटेलातल्या लोकांनी साक्षीत सांगितलं की ते त्या वेळी चहा पीत होते आणि त्यांची पाठ सडकेकडे होती. इतक्या पाठी एका वेळी एकाच दिशेला कशा वळल्या, हे कोर्टानं विचारलं नाही. किसनसिंगाच्या वकिलानं सांगितलं, मुलगी सडकेच्या मधोमध धावत आली. गाडवाटेवर चाकाची खूण असती, काच असती, रक्त असतं, तर गोष्ट वेगळी होती. मग त्यानं डोमाजीला उभं केलं.

“रस्ता कोणी धुतला?”

“म्या.”

“काचा कोणी फेकल्या?”

“म्याच.”

“का?”

“पाटलानं सांगतलं.”

पाटलांना विचारलं. पाटील खोटं बोलले नाहीत. म्हणाले, “हो, मी सांगितलं. गाड्या खोळंबल्या होत्या. पण मुलगी त्याचीच होती. त्याला धुवायचं नसतं तर नाही म्हणाला असता. ढोर ओढायला नाही म्हणालाच होता की.”

कोर्टात काही लोक हसले. मी डोमाजीकडे पाहत होतो. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. शिवीनं त्याला काही झालं नसतं, आयुष्यभर ऐकत आला होता. पण हे खरं होतं. म्हशीला नाही म्हणालेला माणूस मुलीच्या वेळी हो म्हणाला होता.

वकिलानं जाता जाता आणखी एक टोला दिला. “कोतवाल आहेस ना? फौजदार येईपर्यंत जागेला हात लावू द्यायचा नसतो, एवढंही माहीत नाही?” डोमाजीला मुडद्याची राखण माहीत होती. जमिनीचीही राखण करायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. ते त्याला त्या दिवशी कळलं, आणि किसनसिंग सुटला.

आम्ही एकाच यष्टीनं परतलो. डोमाजी मोडावर उतरला आणि घरी न जाता बाभळीखाली बसून राहिला. संध्याकाळी त्याची बायको पंचफुला त्याला न्यायला आली. तिनं त्याला काय म्हटलं ते मी ऐकलं, कारण ते तिनं हळू म्हटलं नव्हतं.

“तुमी तिले पुसून टाकलं. किसनसिंगानं मारलं, अन् तुमी पुसलं. माह्याजवळ आता तिचं रगतही नाई.”

त्या दिवसापासून डोमाजीनं रिंगणं घालायला सुरुवात केली. सडकेवर कुठेही काही झालं, सायकलवाला पडला, बकरी मेली, गाडीचं चाक निखळलं, की हा काठी घेऊन पळत यायचा. आधी जखमीला कडेला बसवायचा, मग जागेभोवती दगड मांडायचा आणि मध्ये उभा राहायचा. “फौजदार येईस्तोवर कोनी पाय ठेवाचा नाई.” बकरीसाठी कोणता फौजदार येतो? गाव पोट धरून हसायचं. पोरं मुद्दाम मेलेला उंदीर सडकेवर टाकून त्याला बोलवायची. तो यायचा, पाहायचा, उंदीर उचलून फेकायचा आणि निघून जायचा. पण एकदा एका अनोळखी ट्रकनं गाडीचा बैल मारला, तेव्हा डोमाजीच्या रिंगणातल्या खुणांवरून त्या ड्रायव्हरला दंड झाला. तेव्हापासून बाहेरगावचे ड्रायव्हर आमच्या गावात जरा दबकून गाडी हाकायला लागले. किसनसिंग सोडून.

किसनसिंगाची सोय शेठनं वेगळी केली होती. मोडावर हंगामात पुन्हा एक माणूस जखमी झाला, तेव्हा शेठनं जाहीर केलं की जागाच वाईट आहे, अकाली मेलेली पोर भोग मागते. मुलगी पडली होती तिथे, गाडवाटेच्या अगदी काठावर, त्यानं पुरुषभर उंचीची देवळी बांधली. आत शेंदूर फासलेला दगड. वर रंगानं नाव लिहिलं, ‘उकंडीमाय’.

सत्यशीला नाही. उकंडी. बापानं नाल्यात सोडलेलं नाव देवाच्या कपाळावर लिहून परत आलं. ड्रायव्हर लोक तिथे नारळ फोडायचे, पैसा टाकायचे आणि माय सांभाळते म्हणून पुढे गाडी आणखी जोरात सोडायचे. किसनसिंगाची भक्ती सगळ्यांत मोठी. हंगामाचा पहिला नारळ त्याचा. एकदा त्यानं डोमाजीच्या देखत नारळ फोडला आणि हात जोडून म्हणाला, “माय, लेकरावर लक्ष ठेव.” आणि खोबऱ्याचा तुकडा डोमाजीपुढे धरला. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की सगळं मिटलंय. मला तेव्हा त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि आजही वाटते.

डोमाजी देवाला हात जोडत नव्हता, तशी त्यानं शपथच घेतली होती. पंचफुलाचं वेगळं होतं. ती दुपारच्या वेळी देवळीशी जाऊन बसायची. दगडाला नव्हे, दगडाखालच्या मातीला हात लावायची. डोमाजीनं एकदा तिला हटकलं. ती म्हणाली, “देव मानत नाई मी. पन तिचं दुसरं काय ठेवलं तुमी, सांगा?”

देवळीमुळे एक झालं. आधी मोडावर समोरून येणारं दिसायचं, आता ते दिसेनासं झालं. देवळी नेमकी नजरेच्या आड यायची. डोमाजीच्या सांगण्यावरून मी तीन वर्षं अर्ज लिहिले. देवळी हटवा, मोडावर पाटी लावा, गाडवाटेच्या तोंडाशी दगड रोवा. उत्तर एकच, लोकांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. पाटलांनी पंचायतीत सांगितलं, “आता डोम्या देवीही हटवणार काय? ढोरं सोडली, देव सोडले, आता पोरगीही सोडत नाही.” सगळे हसले.

बासष्टच्या उन्हाळ्यात, हंगामाच्या अगदी शेवटी, पाटलांचा एकुलता एक मुलगा शालीक नवी सायकल घेऊन गाडवाटेनं येत होता. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. समोरून किसनसिंग आला. देवळीमुळे शालीकला ट्रक दिसला नाही आणि किसनसिंगाला शालीक दिसला नाही. दिसला असता तरी किसनसिंगानं मोड कापलाच असता. या खेपेला ट्रक बाभळीला अडकला, म्हणून त्याला पळता आलं नाही. तो जागच्या जागी बसून उकंडीमायच्या नावानं ओरडत राहिला.

डोमाजी आला. त्यानं शालीकच्या छातीला कान लावला, नाकाशी हात धरला. काही नव्हतं. मग उठून दगड मांडले. सायकलचं वाकलेलं चाक, एक चप्पल, मातीतल्या चाकाच्या चिरा, सगळं आत घेतलं. एका पोराला सायकलवर ठाण्याकडे पिटाळलं आणि काठी रोवून उभा राहिला.

पाटील अनवाणी पळत आले, मागे घरची माणसं. सोबत बैलगाडी होती, गादी घातलेली. पाटलांना एकच माहीत होतं. फौजदार आला की पोराला यवतमाळला नेणार, टेबलावर टाकून फाडणार आणि शिवून पोत्यासारखं परत देणार. पाटलाच्या घरातला मुडदा असा गेला नव्हता. त्यांना त्याला घरी न्यायचं होतं, न्हाऊ घालायचं होतं, दिवस मावळायच्या आत अग्नी द्यायचा होता. त्यांनी हात जोडले नाहीत, पण आवाज जवळजवळ तसाच होता.

“डोमा, पोराले गाडीत घे. रस्ता धुऊन टाक.”

सगळं गाव तिथे होतं. पुन्हा तेच वाक्य. मी डोमाजीच्या हातांकडे पाहिलं. ते हलले. काठीवर आणखी घट्ट झाले.

“नाई जी.”

पाटलांच्या पुतण्यानं शिवी घातली आणि रिंगणात पाय टाकला. डोमाजीनं काठी आडवी धरली. मग पाटलांकडे पाहून बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“न्या ना. तुमचं पोरगं हाये, मी कोन अडोनारा? घरी न्या, धुवा, जाळा. मंग उद्या किसनसिंग कोर्टात सांगन, का पोरगं सडकेच्या मधात आलं. अन् तुमी म्हनसान, नाई, गाडवाटेनं होतं. अन् वकील इचारन, चाकाची खून कुठी हाये? मंग काय सांगसान? माह्या पोरीच्या वक्ती सुटला, तसा सुटन. बोला. त्याले सोडाचं हाये का पोराले घरी न्याचं हाये?”

पुतण्याचा पाय रिंगणाबाहेर आला. पाटील तिथेच गाडीच्या जुवाला धरून खाली बसले.

उन्हाळ्याची दुपार होती. फौजदार उन्हं कलल्यावर आला. तोवर शालीक तिथेच होता. माश्या बसायला लागल्या. कुत्री आली, ती डोमाजीनं हाकलली. पाटलीण मथुराबाई येऊन रिंगणाशी थांबली आणि म्हणाली, “डोमाजी, मले फक्त त्याच्या तोंडावर पदर टाकू दे.” आयुष्यात पहिल्यांदा त्या घरातून कुणी त्याला डोमाजी म्हटलं होतं.

“नाई जी, पाटलीनबाई.”

गाव म्हणतं तो निर्दय, ते या उत्तरावरून. होय, होताच निर्दय. पदरानं चाकाची खूण पुसली नसती, हे मला कळत होतं तर त्यालाही कळत असणार. पंचफुला गर्दीतून पुढे आली, नवऱ्याला म्हणाली, “अवो, माय हाये थे. जाऊ द्या.” तो तिच्याकडेही पाहीना. मग तीच मथुराबाईजवळ जाऊन उभी राहिली आणि तिचा हात धरला. मथुराबाईनं तो सोडवून घेतला नाही. नंतर घरी जाऊन धुतला की नाही, मला माहीत नाही.

फौजदारानं टेप धरला. चाकाच्या चिरा मोजल्या, सायकल कुठे, चप्पल कुठे, रक्त कुठे, सगळं लिहून घेतलं. या खेपेला हॉटेलातल्या कुणाचीही पाठ सडकेकडे नव्हती. सगळ्यांनी पाहिलं होतं, सगळे सांगायला पुढे झाले. त्याच पंचनाम्यावर पुढे किसनसिंगाला दोन वर्षं झाली. शिक्षा झाली ती शालीकबद्दल. सत्यशीलाचा त्यात उल्लेख असायचं कारण नव्हतं. आणि तीन वर्षं श्रद्धेचा प्रश्न असलेली देवळी पाटलांच्या एका शब्दावर आठवड्याच्या आत पाडली गेली. त्यानंतर पाटी लागली. कोतवालाबद्दल पाटलांनी तहसिलीत तक्रार केली, मुडद्याची विटंबना केली म्हणून, आणि त्याची कोतवालकी गेली. तो आता राजूरकडे खाणीवर राखणदार आहे असं ऐकतो.

पण मला सांगायचं आहे ते त्याच संध्याकाळचं. पंचनामा झाला. शालीकला सरकारी गाडीत घातलं. फौजदारानं वही मिटली आणि मागे लागलेल्या गाड्यांच्या रांगेकडे पाहून म्हणाला, “झालं. आता रस्ता मोकळा करा. पाणी टाकून घ्या.”

सगळ्या गावानं डोमाजीकडे पाहिलं. बोलायची गरजच नव्हती.

डोमाजीनं काठी बाभळीला टेकवली. हॉटेलाकडे गेला. या वेळी तो थांबला नाही, स्वतः विहिरीवर चढला, दोर हातात घेतला आणि बादली शेंदली. हॉटेलवाल्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. डोमाजी भरलेली बादली घेऊन आला आणि पाटलांच्या पायाशी ठेवली. शेजारी हॉटेलातला खराटा टाकला.

“पाटील, गाड्या खोळंबल्या.”

पाटलांनी बादलीपासून पाय मागे घेतला.

“म्या माह्यं धुतलं होतं,” डोमाजी म्हणाला. “हे तुमचं हाये.”

पुतण्या पुढे झाला, पण पाटलांनी हात आडवा करून त्याला मागे सारलं. त्या क्षणी त्यांना काय वाटलं ते मला सांगता येणार नाही. ते वाकले. म्हाताऱ्या माणसाला बादली उचलवेना, म्हणून ओंजळीनंच पाणी घेऊन टाकायला लागले. मग खराटा घेतला. अंगात सदरा, डोक्याला पागोटं, आणि सगळ्या गावासमोर ओणवे होऊन ते पोराचं रक्त मातीत जिरवत होते. रडण्यानं त्यांना नीट दिसत नव्हतं. अर्धं राहून जात होतं.

डोमाजीनं पुन्हा काठी उचलली. मला वाटलं, आता निघून जाईल. तो गेला नाही. तो पाटलांच्या जवळ जाऊन उभा राहिला आणि काठीच्या टोकानं एकेक जागा दाखवायला लागला.

“अठी राह्यलं, पाटील. अन् तठी, बाभयीच्या बुडाशी, अजून हाये.”